दारावरचा कडुलिंब

“आगुआ आण गं! पाव्हणी आल्यात.”

ठकूने आत हाक मारली आणि मी ओट्यावर टेकता टेकता तशीच अर्धवट उभी राहिले. आगुआ म्हणजे पाणी, स्पेनमध्ये. तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत ऐंशी ओलांडलेली एक बाई पाण्याला आगुआ म्हणते आणि तिच्या घरात कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. आतून तिची लेक चंद्रा तांब्या घेऊन आली. तिचेही केस आता पिकलेत, नातवंडं अंगणात खेळतायत. मी तांब्या हातात घेतला, पण बघितलं ते दाराकडे. चौकटीला प्लास्टिकचं तोरण होतं, बाकी काही नव्हतं. इतकी वर्षं झाली, तरी या दाराची चौकट आधी बघितल्याशिवाय मी टेकत नाही.

मी मुळातलीच भित्री. वडील लोणावळ्याला रेल्वेत होते आणि आमचं घर वलवणच्या बाजूला होतं. घरामागच्या चढावरून धरणाची भिंत दिसायची आणि ती एक दिवस फुटणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पावसाळ्यात मी चपला उशाशी घेऊन झोपायची, पळायला बऱ्या म्हणून. धुक्यात दिसत नाही पण खोकतो त्या माणसाची भीती, घाट चढून धापा टाकत आलेल्या इंजिनाची भीती. चर्चमधल्या रक्ताळलेल्या येशूच्या पुतळ्याची भीती, आणि आपल्याला त्या पुतळ्याची भीती वाटते हे देवाला कळेल याचीही भीती. आई म्हणायची, “ही पोरगी पायाखालच्या सावलीला विचारून पाऊल टाकते.”

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पण घरात कुणाला गोवर आला की आजी गुपचूप मागच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायची. पुढच्या खोलीत येशूची तसबीर, मागच्या दाराला कडुलिंब. फादर नेहमी पुढच्या दाराने यायचे, त्यामुळे कधी अडचण आली नाही. गोवर म्हणायचं नाही, देवी म्हणायचं नाही. ‘बया आली’ म्हणायचं. दाराला कडुलिंब दिसला की परक्याने उंबरा ओलांडायचा नाही, आणि पायात चपला घालून तर नाहीच नाही. घरात फोडणी द्यायची नाही, आवाज चढवायचा नाही आणि औषधही द्यायचं नाही. बया आपल्या पावलांनी आली, ती आपल्या पावलांनी जाईल. तिला घाई केली की ती रागावते. हे सगळं मला आजीने कानात सांगितलं होतं आणि कानात सांगितलेलं माणूस सहसा विसरत नाही. कडुलिंबाचा तो कडवट, ओला वास आला की मी आजही नकळत हळू बोलायला लागते.

मॅट्रिक झाल्यावर, विसाव्या वर्षी, मला लोणावळ्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये काम मिळालं. स्पेनमधल्या कुठल्याशा खेड्यातून आलेल्या सिस्टर लूसियांना मराठी शिकवायचं. त्या तिशीच्या होत्या, शिकलेल्या नर्स होत्या आणि दर बुधवारी तिकोणा पेठेत दवाखाना चालवणार होत्या. तिथे त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून जायचं हेही माझंच काम. आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो. त्यांचं इंग्रजी एका बाजूने मोडकं, माझं दुसऱ्या. सकाळी आठला कौलातून गळणाऱ्या त्या खोलीत धडा चालायचा. समोरच्या गल्लीतून चिक्कीच्या उकळत्या गुळाचा वास यायचा आणि सिस्टर पेन्सिल थांबवून डोळे मिटायच्या. त्यांच्या गावात बदाम घालून असलंच काहीतरी करायचे म्हणे. मी त्यांना ‘बालक आजारी आहे काय?’ असली वाक्यं शिकवत होते. मावळात असं कुणी बोलत नाही हे मला ठाऊक होतं, पण शिकवायचं तर शुद्धच, असा माझा बाणा.

बुधवारी आम्ही लोणावळ्याहून गाडीने कामशेतला यायचो आणि तिथून पवनेकडची एसटी धरायचो. तिथल्या मोठ्या धरणाचं काम तेव्हा चालू होतं. एसटी त्या कामापर्यंत जायची, पुढे तासभर पायपीट. मला बस लागायची. म्हणून मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, नाकाशी लिंबू धरून, डोळे घट्ट मिटून बसायची. सिस्टर मात्र सरळ शेवटच्या बाकावर जायच्या. तिथे वाड्यावस्त्यांवरच्या बाया असायच्या. सकाळी करवंदं, आंबे, पत्रावळी विकून रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या. डिझेल, सुकट, घामेजलेली लुगडी आणि पाटीच्या तळाला चिकटलेली करवंदं, या सगळ्याचा मिळून एक वास मागून यायचा. लिंबाचं त्याच्यापुढे काही चालायचं नाही.

त्या बाकावर व्यवहार ठरलेला होता. बायांनी एक मराठी शब्द द्यायचा, सिस्टरनी त्याबदल्यात एक स्पॅनिश. त्यात पुढाकार ठकूचा. ती पंचविशीची, तोंडाची फटकळ आणि हसली की अख्खी एसटी वळून बघायची.

“शिष्टरबाई, ह्याला काय म्हनायचं तुमच्यात?”

“आगुआ.”

“आगुआ! घ्या गं, आगुआ प्या!”

मग हशा. मला तो डोळे मिटून ऐकू यायचा. खरं सांगते, मला थोडा राग यायचा. शिकवणारी मी, आणि मजा त्यांची. पण वळून बघायची सोय नव्हती. मान फिरवली की पोट फिरायचं. त्यामुळे मागच्या बाकावर दर बुधवारी काय काय शिकवलं गेलं, ते मला कधी नीट कळलंच नाही.

दवाखाना शाळेच्या पडवीत भरायचा. स्टोव्हवर सुया उकळत असायच्या. सुई बघून पोर रडायला लागलं की सिस्टर त्याच्या कानाशी वाकून म्हणायच्या, “नो तेंगास मिएदो.” भिऊ नकोस. पोरांना अर्थ कळायचा नाही, पण रडं थांबायचं. ते ऐकताना मला वाटायचं, हे कुणीतरी मला पण म्हणावं.

त्या वर्षी गुढीपाडवा आणि झावळ्यांचा रविवार पाठोपाठ आले होते. पाडव्याला सिस्टर लोणावळ्याच्या गल्ल्यांमधून हिंडून आल्या. प्रत्येक गुढीला कडुलिंब बघून हरखल्या. त्यांनी मला विचारलं, “हा पाला सणाचा?” मी “हो” म्हटलं. खोटं नव्हतं ते. पुढच्याच रविवारी चर्चमध्ये आम्ही सगळे हातात हिरव्या झावळ्या धरून फेरी काढत होतो. म्हणजे हिरवा पाला म्हणजे आनंद, ही गोष्ट त्यांच्या मनात आठवडाभरात दोनदा पक्की झाली.

आणि मग तो बुधवार. एसटीत ठकू नव्हती. सिस्टरनी बायांना विचारलं तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. दुपारी दवाखाना आटोपला तशा सिस्टर म्हणाल्या, “ठकूकडे जाऊन येऊ.” वाडी वर चढणीला. चैत्राचं ऊन, तापलेला कातळ, करवंदीच्या जाळीत सरडे सळसळत होते. वाडीत शिरलो तर नेहमीसारखी पोरं धावत आली नाहीत. ठकूचं घर शेवटचं. दाराच्या दोन्ही अंगांना कडुलिंबाचे डहाळे खोवलेले होते. या बाजूला कडुलिंब फारसा नाही. कुणीतरी मुद्दाम खालून आणला होता.

मी तो आधी बघितला, सिस्टरच्या आधी. दारापर्यंत पाच पावलं होती. पाच पावलांत माणूस काहीही बोलू शकतं. “थांबा” एवढा एक शब्द पुरला असता. पण मी तो उच्चारला नाही. आत बया होती तिची भीती, आणि ख्रिस्ती असून मी बयेला भिते हे सिस्टरना कळेल याची भीती. दोन्हींत मोठी कुठली ते ठरेपर्यंत पाच पावलं संपली.

सिस्टरनी पाला बघितला, त्यांचा चेहरा उजळला, आणि बुटांसकट उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “आज पण सण?”

आतून जी किंकाळी आली ती ठकूच्या सासूची, धोंडाईची. सिस्टर विंचू चावल्यासारख्या मागे आल्या. उघड्या दारातून मला दिसलं: घोंगडीवर चार वर्षांची चंद्री, अंगभर लाल पुरळ, डोळे चिकटलेले, आणि श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. घरघर बाहेरपर्यंत ऐकू येत होती. ठकू तिला कवटाळून बसली होती. एसटीत हसणारी ती बाई ही नव्हेच.

मग मी सगळं सांगितलं, जे पाच पावलं आधी सांगायला हवं होतं. सिस्टर कानापर्यंत लाल झाल्या. अंगणात उभ्या राहूनच त्यांनी आत बघितलं आणि मला हळूच म्हणाल्या, “देवी नाही, गोवर आहे. पण छाती भरलीय. सुई दिली नाही तर ही मुलगी दोन दिवस काढणार नाही. त्यांना विचार.”

मी विचारलं. धोंडाई दारात आडवी उभी राहिली. सुरकुतलेली, काठीसारखी ताठ, आणि आवाज मात्र खालचा, कारण बया घरात होती.

“पायताण घालून बयेच्या अंगावर आली ही. आता बया कोपली तर कुनी बगायचं? तिला म्हनावं, पायातलं काड, हितं गुडघ्यावर बस, बयेम्होरं पदर पसर आन् सांग, चुकी झाली, ल्येकराला सोड. मंग टोच म्हनावं तुजी सुई. न्हाईतर चालती हो.”

ठकू आतून माझ्याकडे बघत होती.

मी दुभाषी होते. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पोचवायचं, एवढंच माझं काम. पण पहाटे चारला उठून प्रार्थनेला बसणारी ही बाई, सगळं आयुष्य एका देवाला देऊन समुद्र ओलांडून आलेली, तिला मी कसं सांगू, की बयेपुढे गुडघे टेका? त्या नाही म्हणतील. त्या नाही म्हणाल्या की चंद्री जाईल. आणि हो म्हणाल्या, आणि कॉन्व्हेंटमध्ये कळलं, तर त्यांना परत पाठवतील. चंद्रीची घरघर चालूच होती आणि प्रत्येक श्वासानंतर मला वाटत होतं, आता पुढचा येणार नाही.

मी इंग्रजीत सांगितलं, “त्या म्हणतात, आधी बूट काढा आणि तुमच्या देवाची प्रार्थना करा. मग सुई द्या.”

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, तापल्या मातीवर अनवाणी पायांनी पुढे आल्या आणि उंबऱ्याबाहेर गुडघे टेकले. पांढऱ्या एप्रनची दोन टोकं हातांत धरून तो पसरला आणि डोळे मिटून त्यांच्या भाषेत काही पुटपुटू लागल्या. मी खाली मान घालून त्यांच्या रिकाम्या बुटांकडे बघत होते.

“काय म्हनतीया?” धोंडाईने मला विचारलं.

“बयेला विनवतायत,” मी म्हटलं. दोन्ही बाजूंना दोन खोटी, अर्ध्या घटकेच्या आत.

धोंडाई दारातून बाजूला झाली. सिस्टर अनवाणीच आत गेल्या, सुई टोचली, गोळ्या कशा द्यायच्या ते ठकूला बोटांनी दाखवलं. चंद्री रडली, पण रडायलाही तिला ताकद नव्हती. “नो तेंगास मिएदो,” सिस्टर म्हणाल्या. परतीच्या वाटेवर त्या माझ्या पुढे पुढे चालत राहिल्या.

तो बुधवार ते पुढचा बुधवार, असा आठवडा माझ्या वैऱ्यालाही येऊ नये. रोज सकाळी धड्याला सिस्टर समोर बसायच्या, नेहमीसारख्या हसायच्या, आणि मला वाटायचं, आता विचारतील. चंद्री गेली तर ती माझ्या खोट्यामुळे, बयेच्या रागाने. जगली तर तीही माझ्या खोट्यामुळेच, आणि ते खोटं देवाच्या नावाने बोललेलं. शनिवारी कन्फेशनला, पापाची कबुली द्यायला, रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर यायच्या आधी पळून आले. रात्र झाली की आजीच्या कपाटातला कडुलिंबाचा वास यायचा. कपाटात काही नव्हतं; मी उघडून बघितलं होतं.

बुधवारी एसटी धरणाच्या कामापाशी थांबली. डोळे उघडायचं धाडस होईना. कुणीतरी खिडकीवर थाप मारली. ठकू! हातात पानात बांधलेला दहीभात. बया गेली होती, दाराचा पाला उतरला होता, चंद्री भाकरी मागत होती. मी खाली उतरले, रडले, आणि मग नेहमीच्या सवयीने ओकले. ओढ्यावर तोंड धुवून परत आले तेव्हा काठच्या उंबराच्या झाडाखाली मोठ्या दगडावर सिस्टर आणि ठकू शेजारी शेजारी बसल्या होत्या. सिस्टर बोटांनी दहीभात खात होत्या आणि दोघी हळू आवाजात बोलत होत्या. मी जवळ जाताच बोलणं थांबलं. सिस्टरनी बोटं चाटली आणि म्हणाल्या, “चला, उशीर झाला.”

वर्षा-दोन वर्षांनी त्यांची दूर कुठल्या देशात बदली झाली. काही वर्षं नाताळला पत्र यायचं, मग एकदा दुसऱ्याच हस्ताक्षरातलं पत्र आलं आणि मग कधीच नाही. मी शाळेत शिक्षिका झाले, मुलांना व्याकरण शिकवलं, निवृत्त झाले. धरण भरलं. ती जुनी वाट, तो ओढा, उंबर आणि त्याखालचा दगड पाण्यात गेला. आज येताना त्या पाण्याकडे बघितलं. काठाला सहलीची माणसं फोटो काढत होती. पाणी शांत होतं, पण वलवणची पोरगी मी, साठलेल्या पाण्यावर माझा विश्वास बसत नाही.

इतक्या वर्षांत ते खोटं मी कुणालाच सांगितलं नाही. चर्चमध्ये मिस्सेला बसते, गुडघे टेकते, आणि दर वेळी डोळ्यांपुढे ते रिकामे बूट येतात. एका भल्या बाईला न सांगता परक्या दैवतापुढे गुडघे टेकायला लावले. तिचं आयुष्यभराचं व्रत मी मोडलं, आणि तिला ते कळलंही नाही. हे मनात घेऊन मरायची मला भीती वाटते. म्हणून आज आले. सिस्टर नाहीत, धोंडाई नाही. उरली ठकू.

“ठकूबाई, मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी खोटं बोलले होते.” आणि मी सगळं सांगून टाकलं. चंद्रा दारात उभी राहून ऐकत होती.

ठकूने सुपारी कातरायची थांबवली. मग हसली, तेच एसटीतलं हसणं, फक्त दात कमी.

“अगं, तिला समदं कळत व्हतं.”

“काय?”

“म्हातारी बोल्ली त्ये समदं. बया कोन, पदर पसरायचा म्हंजी काय, आमीच न्हाई का एसटीत शिकिवलं? दाराचा पाला तेवढा सांगाया इसरलो. तू म्होरं डोळं झाकून बसायचीस, तुला काय ठावं!”

मला तो एप्रन आठवला. दोन्ही हातांनी टोकं धरून पसरलेला. मी पदराचं इंग्रजीत काहीच सांगितलं नव्हतं. एक अक्षरही नाही. हे तेव्हाही माझ्या डोळ्यांसमोरच होतं आणि मी बुटांकडे बघत बसले होते.

“मग त्यांनी गुडघे...”

“म्या इचारलं की तिला, त्या उंबराखाली. तर म्हनली, ‘मी माझ्या आईला सांगितलं, येशूच्या आईला, मारीयाला. ती आणि तुमची बया, दोघी आया आहेत. त्या आपसात बघून घेतील.’ अशी बोल्ली, तुजं त्ये पुस्तकातलं मराठी. म्या म्हातारीला तसंच जाऊन सांगितलं. म्हातारी म्हनली, बराबर हाय तिचं.”

ठकूने सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“आन् आनखी म्हनली, ‘माझी मास्तरीण खूप भ्याली होती. मला कळलं, हे तिला कळू देऊ नका. तिला वाईट वाटेल.’ मला हात जोडून बोल्ली, बाय. मंग म्या कशाला सांगते? आज तूच बोल्लीस म्हनून.”

चंद्राने पुन्हा तांब्या पुढे केला. “आगुआ घ्या, मावशी,” ती म्हणाली. मी घटाघटा प्यायले, निम्मं अंगावर सांडलं.

संध्याकाळच्या एसटीत गर्दी नव्हती. ड्रायव्हरच्या मागचा बाक रिकामा होता. मी पाठीमागे गेले आणि शेवटच्या बाकावर, खिडकीशी, डोळे उघडे ठेवून बसले.